बायर ‘ब्लॉची’ म्हणतो तेव्हा टॉवेलवर नेमकं काय बघायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. निर्यातीच्या टॉवेलच्या तपासणी अहवालात बायरच्या, म्हणजे परदेशी खरेदीदाराच्या, माणसाने ‘ब्लॉची अपिअरन्स’ असा शेरा मारला. मोबाइलवर शब्द घातला तर अर्थ आला ‘डाग’. तुम्ही तोच अर्थ फोल्डिंग खात्याला कळवलात, आणि आता तिथे कोणी तेलाचे डाग शोधतंय, कोणी हाताळणीचे. माल पुन्हा धुतला तर हे जाईल का आणि बायरला उत्तर काय लिहायचं, हे तुम्ही विचारलंय. माझी उमेदीची वर्षं सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत सूत आणि टॉवेल रंगवण्यात गेली, त्यामुळे सविस्तर सांगतो.

आधी सरळ उत्तर. बायरने ‘ब्लॉची’ लिहिलंय म्हणजे त्याला कापडावर बाहेरून काही सांडलेलं दिसलेलं नाही. त्याला कापडाचा स्वतःचा रंगच विषम बसलेला दिसलाय. एका जागी गडद, शेजारी फिकट, पुन्हा गडद. त्या भागांना ठरावीक आकार नाही, कडा धूसर, एक भाग कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो ते बोट ठेवून दाखवता येत नाही. मराठीत याला सर्वांत जवळचा शब्द ‘चट्टे’. आपल्या खात्यात ‘माल पॅची आला’ म्हणतात तेही बरंचसं हेच. साध्या धुण्याने हे सहसा जात नाही. कधी जातं, ते पुढे येईलच.

शब्दाचं व्याकरण सोपं आहे. ‘ब्लॉच’ हे नाम, एक चट्टा. अनेक असतील तर ‘ब्लॉचेस’. ‘ब्लॉची’ हे विशेषण, आणि ते एका चट्ट्याबद्दल क्वचितच वापरतात. ते पूर्ण पृष्ठभागाचं वर्णन असतं. म्हणून अहवालात ‘ब्लॉची’ दिसलं की टॉवेलचा एखादा कोपरा तपासून भागत नाही, पूर्ण नग उलगडून पसरावा लागतो. डॉक्टर ‘ब्लॉची स्किन’ म्हणतात तेव्हा अंगावर लालसर चट्टे उठलेत असा अर्थ. खूप रडल्यावर चेहरा कुठे लाल, कुठे पांढरट दिसतो, त्यालाही इंग्रजीत ‘ब्लॉची’च म्हणतात. आपल्या जिल्ह्यातल्या कांदा बागायतदाराला तर हा शब्द औषधाच्या डब्यावर भेटतो. ‘पर्पल ब्लॉच’ म्हणजे कांद्यावरचा जांभळा करपा. अल्टरनेरिया पोरी नावाच्या बुरशीने पातीवर लांबट, जांभळट चट्टे पडतात आणि ते पसरत एकमेकांत मिसळतात. डाळिंबावरच्या तेल्याला मात्र इंग्रजीत ‘ऑइली स्पॉट’ म्हणत आले, कारण तो सुरुवातीला वेगळा ओळखता येणारा, मोजता येणारा ठिपका असतो. ठिपका मोजता येतो, चट्टा मोजायला गेलं की हद्दच सापडत नाही. हा फरक तुमच्या टॉवेललाही तसाच लागू आहे.

जवळचे शब्दही वेगळे करून ठेवा, कारण बायरचा तपासनीस ते जपून वापरतो. ‘स्टेन’ म्हणजे बाहेरून आलेला डाग: तेल, गंज, चहा, मागावरचं ग्रीस. ‘स्पॉट’ म्हणजे लहान, ठळक ठिपका. ‘स्ट्रीक’ म्हणजे रेघ. ‘शेड व्हेरिएशन’ म्हणजे एका नगात दुसऱ्यापेक्षा वेगळा रंग, किंवा एका लॉटमध्ये दुसऱ्यापेक्षा. तिथे प्रत्येक नग आपल्या परीने एकसारखा असू शकतो. ‘लिस्टिंग’ म्हणजे काठ आणि मध्य यांत फरक. ‘स्किटरी’ म्हणजे शेजारशेजारच्या तंतूंचा रंग कमीजास्त, लांबून मीठ-मिरे भुरभुरल्यासारखं. ‘मॉटल्ड’ हा शब्दही चट्ट्यांसाठीच आहे, पण तो बऱ्याचदा मुद्दाम केलेल्या किंवा नैसर्गिक नक्षीबद्दल येतो, दोष म्हणून येईलच असं नाही. ‘ब्लॉची’ मात्र कधीही कौतुकाने म्हणत नाहीत.

एक गोष्ट मला इथे ठासून सांगायची आहे. ‘ब्लॉची’चा अर्थ ‘डाग’ लावला की दोष आपोआप शेवटच्या खात्याकडे सरकतो. माल शेवटी ज्यांच्या हातून जातो त्या शिलाईच्या, धागे कापण्याच्या, घडीच्या बाया. मी एका कारखान्यात हे डोळ्यांनी पाहिलंय: ‘हात तेलकट होते’ म्हणून नगावर काम करणाऱ्या बायांची मजुरी कापली गेली, आणि चट्टे होते स्कावरिंग, म्हणजे रंगवण्याआधी कापसातलं मेण काढणारी धुलाई, कच्चं राहिल्यामुळे आलेले. त्यांच्या हातात टॉवेल येण्याच्या कितीतरी आधी तो बिघडलेला होता. म्हणून तुम्हाला विनंती आहे, की फोल्डिंग खात्याला पाठवलेला तो निरोप आजच मागे घ्या. खाली सांगतो त्या तपासण्या झाल्याशिवाय कोणाच्याही नावावर हा दोष टाकू नका.

आता तपासणी. पहिली नुसत्या डोळ्यांनी होते, पण उजेड योग्य हवा. ट्यूबलाइटखाली बघू नका. डी-६५ ची, म्हणजे दिवसाच्या उजेडासारखा प्रमाणित प्रकाश देणारी, लाइट बॉक्स असेल तर उत्तम, नसेल तर सकाळी उत्तरेकडच्या खिडकीत, थेट ऊन नसताना. टेरीचे लूप एकाच दिशेला हाताने सारखे करून घ्या, कारण लूप उलटसुलट पडले की एकच रंग दोन दिसतो आणि काही तक्रारी तिथेच मिटतात. मग बघा, चट्टा धाग्याच्या दिशेने चालतोय की धाग्याला न जुमानता आडवातिडवा पसरलाय. माझ्या अनुभवात याहून उपयोगी तपासणी नाही. दोष ताण्याच्या किंवा बाण्याच्या दिशेने सरळ जात असेल तर तो बहुधा सुताचा आहे: दोन लॉटचं सूत मिसळलं, हँक (सुताची लडी) विषम रंगली, किंवा कोनाच्या आत-बाहेर फरक पडला. बाण्यात विषम सूत गेलं तर आडव्या पट्ट्या पडतात. पाइलचा, म्हणजे टॉवेलवरच्या लूपचा, धागा ताण्यातून येतो, म्हणून पाइलचं सूत विषम असेल तर फरक उभ्या दिशेने दिसतो. सोलापुरी चादर तर आधी सूत रंगवून मग जकार्डवर विणलेली, तिच्यात दोष जवळपास नेहमी धाग्याबरोबरच चालतो. याउलट चट्टा ताणा-बाणा ओलांडून ढगासारखा पसरला असेल, तर तो विणल्यानंतरचा आहे. म्हणजे खळ काढणे, स्कावरिंग, ब्लीच, डाईंग किंवा वाळवण यांपैकी कुठेतरी. बायर ‘ब्लॉची’ म्हणतो तो बहुतेक वेळा हाच. तुमचा टॉवेल करड्या रंगात पीस-डाईंग केलेला, म्हणजे विणल्यानंतर रंगवलेला आहे असं तुम्ही लिहिलंय, त्यामुळे माझा पहिला संशयही इकडेच जातो.

दुसरी तपासणी पाण्याच्या थेंबाची. चट्ट्याच्या फिकट भागावर एक थेंब, गडद भागावर एक थेंब. दोन्हीकडे तो लगेच शोषला गेला पाहिजे. फिकट भागावर थेंब मोत्यासारखा बसून राहिला तर उत्तर जवळपास मिळालं. पण मालावर सॉफ्टनर (कापड मऊ करणारं रसायन) असेल तर आधी तो साबणाच्या गरम पाण्यात काढून घ्या. काही सॉफ्टनर स्वतःच पाणी अडवतात आणि तपासणी फसवतात. तिसरी आयोडीनची. आयोडीनचं पातळ द्रावण एक थेंब टाकायचं. निळा-जांभळा रंग उमटला तर पिष्टाची खळ शिल्लक आहे. फिक्या रंगाच्या मालावर हे स्पष्ट कळतं, करड्यावर कळायला अवघड. म्हणून ग्रे, म्हणजे कोऱ्या, कापडाचा त्याच लॉटमधला, खळ काढलेला पण न रंगवलेला तुकडा जपून ठेवलेला असेल तर त्यावर करा. टेगेवा नावाचा १ ते ९ चा मापपट्टा यासाठी वापरतात. ९ म्हणजे खळ पूर्ण गेली.

हे सगळं शोषणाभोवतीच का फिरतंय, ते सांगतो. कापसाच्या तंतूवर जन्मतःच मेण आणि पेक्टिन असतं. त्यावर ताण्याला आपण खळ चढवतो. कॉस्टिक, वेटिंग एजंट आणि पुरेसा वेळ देऊन हे सगळं सारखं काढलं नाही, तर टॉवेलचा एक भाग पाणी पितो आणि दुसरा अंग चोरतो. रंग पाण्याबरोबरच आत जातो. पाणी विषम, तर रंग विषम. सुतारकामातही हेच होतं. पाइनसारख्या लाकडाला रंग चढवला की त्याचा मऊ भाग जास्त पितो, घट्ट भाग कमी, आणि इंग्रजी बोलणारे सुतार त्या पृष्ठभागालाही ‘ब्लॉची’च म्हणतात. लाकूड असो की कापूस, या शब्दामागे एकच तक्रार असते: खालचा पृष्ठभाग सारखा शोषत नाही.

तयारी नीट असूनही चट्टे येतात, तेव्हा डाईंगच्या वहीत बघावं लागतं. रिअॅक्टिव्ह रंगाचं काम दोन टप्प्यांत होतं. मिठाने रंग तंतूकडे ओढला जातो आणि सोड्याने तो तंतूशी पक्का जोडला जातो. सोडा पडेपर्यंत रंग इकडून तिकडे सरकू शकतो, चुकून एकीकडे जास्त बसला तरी पसरून सारखा होऊ शकतो. सोडा पडला की ती मुभा संपली. त्यामुळे मीठ एकदम ओतलं, सोडा न विरघळवता बादलीने टाकला, तापमान भराभर चढवलं किंवा मशीनमध्ये माल ठासून भरल्याने कापड फिरायला जागाच उरली नाही, तर जिथे आधी स्पर्श झाला तिथे रंग धरून बसतो. सोडा विरघळवून, हळूहळू, सुरुवातीला अगदी थोडा आणि मग वाढवत, अर्धा-पाऊण तासात द्यावा. तापमान मिनिटाला १ ते २ अंशांपेक्षा वेगाने चढवू नये. जुन्या विंचवर (रंगवण्याच्या जुन्या पद्धतीच्या मशीनवर) काम करणाऱ्यांना हे कंटाळवाणं वाटतं, आणि रात्रपाळीत लॉट लवकर काढायची घाई असते. पण इथे वाचवलेली वीस मिनिटं नंतर अख्खा लॉट पुन्हा रंगवायला लावतात.

तुमचा रंग करडा आहे, तो स्वतःच हट्टी. करडा, खाकी, ऑलिव्ह, बदामी हे लाल, पिवळा, निळा अशा तीन रंगांच्या मिश्रणाने साधतात. तिघांचा तंतूवर चढण्याचा वेग वेगळा असला की टॉवेलचा एक भाग लालसर करडा आणि दुसरा हिरवट करडा दिसतो. शेड कार्डवर तिन्ही रंग एकाच गटातले आहेत का ते बघा. दर कमी म्हणून एक रंग दुसऱ्या गटातला उचललेला असतो आणि घोळ तिथेच होतो. फिरोजी वेगळ्या कारणाने त्रास देतो: त्याचा रेणू मोठा, मिठाला फार संवेदनशील, आणि त्याला बहुतेक रिअॅक्टिव्ह रंगांच्या ६० अंशांऐवजी ८० च्या आसपास तापमान लागतं.

पेरॉक्साइड ब्लीचनंतर राहिलेला अंश हे आणखी एक कारण. टेरीच्या जाड लूपमध्ये, विशेषतः काठाच्या घट्ट विणीत, पेरॉक्साइड अडकून राहतो आणि पुढच्या बाथमधल्या रिअॅक्टिव्ह रंगालाच मारतो. काठ आणि डॉबी पट्टी फिकी, मध्य गडद असं दिसलं तर हे तपासा. पेरॉक्साइड मोजायच्या कागदी पट्ट्या मिळतात, आणि एन्झाइमचा पेरॉक्साइड किलर वापरून हा प्रश्न सुटतो. नुसत्या एका थंड धुण्यावर विसंबू नये.

पाण्याबद्दल सोलापुरात वेगळं सांगायला नको. बोअरचं पाणी जड. त्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम रंगाला गोळा करतं, साबणाशी मिळून चिकट थर तयार करतं, आणि तो थर कापडावर जिथे बसेल तिथे चट्टा. डाईंगच्या पाण्याचा हार्डनेस ५० पीपीएमच्या खाली ठेवतात. पाण्याचा जडपणा काढणारा सॉफ्टनर प्लांट सगळ्यांकडे असतो, पण त्यातल्या रेझिनला मिठाच्या पाण्याने वेळेवर रिजनरेट केलं नाही तर प्लांट नुसता उभा असतो आणि पाणी जसंच्या तसं पुढे जातं. उन्हाळ्यात टँकर येऊ लागले की एकाच आठवड्यात तीन तऱ्हेचं पाणी मशीनमध्ये पडतं. तेव्हा दिवसातून एकदा नव्हे, प्रत्येक टँकरला हार्डनेस तपासायला हवा.

आणि उन्हाळ्याचं एक कारण असं, की ते वहीत सापडत नाही. हायड्रोमधून (पाणी पिळून काढणाऱ्या मशीनमधून) काढलेला ओला माल ट्रॉलीत तासन्‌तास पडून राहतो. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४० च्या वर. ढिगाचा वरचा पदर आणि बाहेर आलेल्या घड्या आधी वाळतात, आतलं पाणी तिकडे ओढलं जातं, आणि सोपिंग, म्हणजे रंगवल्यानंतरचं साबणाच्या गरम पाण्यातलं धुणं, अपुरं असेल तर न चिकटलेला रंगही त्या पाण्याबरोबर चालत तिथे जातो. घडीच्या रेषेवर गडद चट्टा दिसला तर दुसरीकडे शोधू नका. माल झाकून ठेवा, आणि हायड्रो ते ड्रायर हा वेळ कमी करा.

आता, धुतल्याने जाईल का? वर जे कारण सांगितलं त्यावर ते ठरतं. न चिकटलेला रंग सरकलाय किंवा सॉफ्टनर विषम बसलाय, तर उकळत्या साबणाच्या पाण्यात सोपिंग करून बराच फरक पडतो. म्हणून आधी पाच-सहा नगांवर हेच करून बघा, स्वस्त आहे. फरक पडला नाही तर रंग तंतूला पक्का जोडला गेलेला आहे. मग दोनच वाटा: हायड्रो (इथे मशीन नव्हे, सोडियम हायड्रोसल्फाइट) आणि कॉस्टिकने रंग उतरवून पुन्हा रंगवायचा, किंवा वरून नेव्ही अथवा काळा चढवायचा. उतरवताना लक्षात ठेवा की मूळ दोष कच्च्या स्कावरिंगचा असेल तर ते पुन्हा केल्याशिवाय रंगवलं तर त्याच जागी तेच चट्टे येतील. शिवाय प्रत्येक फेरीत टॉवेल वजन आणि मऊपणा गमावतो. बायरने जीएसएम (चौरस मीटरमागे वजन) ठरवून दिलेला असतो, तेव्हा उतरवण्याआधी आणि नंतर वजन करा. डाग काढायची रसायनं, स्पॉट गन, ऑक्झॅलिक अॅसिड यांचा इथे काही उपयोग नाही. ऑक्झॅलिक गंजाच्या डागाला चालतं, विषम रंगाला नाही. चट्ट्यावर मारलं तर त्या जागी आणखी एक वर्तुळ उमटेल.

एक खबरदारी शब्दाचीच. तुमच्याकडे पुढे कधी छापील व्हेलूर (लूप कापून मखमली केलेल्या) टॉवेलची ऑर्डर आली आणि स्पेसिफिकेशनमध्ये ‘ब्लॉच प्रिंट’ दिसलं तर घाबरू नका. तिथे तो दोष नाही, छपाईची पद्धत आहे. नक्षीबरोबर मागची जमीनही स्क्रीनने छापायची, कापड आधी रंगवायचं नाही, याला छपाईत ‘ब्लॉच’ म्हणतात. अशा मालाची उलटी बाजू पांढरी किंवा बरीच फिकी असते, यावरून ओळखता येतो. जमीन मोठी असल्याने ती सारखी छापणं कठीण, आणि मग ‘ब्लॉच प्रिंट ब्लॉची आला’ असं विचित्र वाटणारं पण अगदी बरोबर वाक्य बायर लिहू शकतो. दोन्ही शब्दांचे अर्थ तिथे वेगवेगळे आहेत.

बायरला उत्तर लिहिताना ‘स्टेन’ हा शब्द टाळा. तुम्ही ‘स्टेन्स विल बी रिमूव्ह्ड’ असं लिहिलंत तर दोन गोष्टी होतात: त्याची तक्रार तुम्हाला कळलीच नाही हे त्याला दिसतं, आणि जे होणार नाही त्याचं वचन तुमच्या नावावर लागतं. ‘अनइव्हन डाईंग’ किंवा ‘अनलेव्हल डाईंग’ असं लिहा, त्याचा माणूस लगेच समजेल. चट्ट्याला कडा नसल्यामुळे तो इंचात मोजून गुण लावता येत नाही, म्हणूनच त्याने आकड्याऐवजी शब्द लिहिलाय. तेव्हा आकडा तुम्ही मागा: सर्वांत गडद आणि सर्वांत फिकट भागातला फरक ग्रे स्केलवर (रंगातला फरक मोजायच्या प्रमाणित पट्टीवर) किती धरला, तो मेजर दोष मोजला की मायनर, आणि तपासलेल्या नगांपैकी किती नगांत दिसला. ग्रे स्केलवर ५ म्हणजे फरक नाही, १ म्हणजे सर्वांत जास्त. ४-५ असेल तर बरेच बायर सांभाळून घेतात, ३ च्या खाली असेल तर वाद घालण्यात अर्थ नाही.

सोबत दोन नग कुरियरने पाठवा, एक चट्ट्याचा आणि एक सोपिंग करून सुधारलेला, दोन्हींवर लॉट नंबर. फोटोवर विसंबू नका, मोबाइलचा कॅमेरा करडा रंग स्वतःच्या मर्जीने दुरुस्त करतो. पत्रात कारण तेवढंच लिहा जेवढं तुमच्या थेंबाच्या आणि पेरॉक्साइडच्या तपासणीत सापडलं, आणि उरलेल्या लॉटचा स्कावरिंगनंतरचा शोषण-अहवाल जोडा. थेंबाची तपासणी करून फिकट भागावर काय दिसलं ते मला कळवा, म्हणजे सोपिंगवर थांबायचं की रंग उतरवायचा ते नक्की सांगता येईल.